वीतभर पदर

आमच्या घरात रेशमाचा एकच तुकडा आहे. वीतभर लांब, वर चार बोटं. जर काळी पडलीय, काळ्या जमिनीवर हिरवे पोपट, चोची लाल, आणि मधोमध तुटलेली वेल. पैठणीचा पदर. हा आम्ही विकत घेतला नाही, कुणी आहेरात दिला नाही. तो मसणातून आला.

महारकीच्या हक्कांत मढ्यावरचं कापड होतं. गावात कुणी मेलं की सांगावा घेऊन परगावी पळायचं महारानं, सरपण फोडायचं महारानं, आणि त्याची मजुरी म्हणजे प्रेतावरून काढलेलं कापड. आमच्या आबाला हे पातळ असंच मिळालं. एका वाड्यातली सवाष्ण गेली होती, तिच्यावर घातलेलं. आबानं ते घरी आणलं आणि लोखंडी घमेल्यात जाळलं. तेव्हाची जर चांदीची. कापड जळतं, चांदी खाली राहते, सोनाराकडं नेली की चार पैसे होतात. जाळायच्या आधी आजीनं विळ्यानं एवढा तुकडा कापून घेतला. ती म्हणे, "चांदी तुले लागते ना, रेशीम मले राहू दे."

आजी विणकराची लेक. आमच्या वऱ्हाडात पुष्कळ महार माग चालवायचे. माझ्या पणज्याचा माग खड्ड्यातला होता. पासोड्या, जाडीभरडी लुगडी, शेतकऱ्याच्या धोतराचं कापड. रेशीम त्याच्या मागाला कधी लागलं नाही. पण विणकाम कळणाऱ्या बाईला विणकाम कळतंच. मी लहान असताना ती तो तुकडा उलटसुलट करून विचारायची, "पाह्य बरं, उलटी बाजू कोन्ती अन् सुलटी कोन्ती?" मला सांगता यायचं नाही. ती हसायची.

१९५६ च्या ऑक्टोबरात धर्मांतर झालं. मेलेलं ओढायचं बंद, मढ्यावरचं घ्यायचं बंद. बापानं घरातलं सगळं जुनं बाहेर काढलं. हा तुकडाही जाळ म्हणाला, लाजेची चीज आहे. आजी आडवी पडली. "घेतला त्याची लाज आपल्याले. पन इणला त्याची काय लाज?"

ते वाक्य डोक्यात राहिलं. पुढं शिकलो, नोकरी लागली, वाचनालयं सापडली. मग मी आजीच्या वाक्यामागं लागलो. इणला तो कोण?

आधी तिच्या कोड्याचं उत्तर. साध्या नक्षीच्या कापडात नक्षीचा धागा मागच्या बाजूनं लोंबत जातो, म्हणून उलटी बाजू ओळखू येते. पैठणीच्या पदरात तसं नाही. तिथं प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली. हिरवा धागा पोपटाच्या कडेपर्यंत जातो, शेजारच्या जरीच्या धाग्याला अडकतो आणि माघारी वळतो. लाल चोचीपुरता लाल येतो, चोच संपली की थांबतो. माग वर उचलून देणारी नक्षीची दोरखंडं नाहीत, धोटा फेकून आरपार नेणं नाही. बोटांनी उभे धागे मोजायचे आणि भरायचं. म्हणून दोन्ही बाजू सारख्या. भारी पदराला महिनोन्महिने लागतात. अशीच हातोटी मिसर देशात सापडलेल्या पंधराशे वर्षांपूर्वीच्या अंगरख्यांवरच्या लोकरीच्या गोल ठिगळांत आहे, चिनी लोकांच्या रेशमी कसू कामातही आहे. कोण कुणाकडून शिकलं ह्याच्या भानगडीत मी पडत नाही. बोटं सगळीकडं दहाच असतात.

पैठणी दोन हजार वर्षांची असं दुकानातला माणूस सांगतो. रोमच्या बायका सोन्याच्या भावानं घ्यायच्या, असंही सांगतो. मी मूळ कागद बघितला, म्हणजे त्याचं भाषांतर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या कुण्या ग्रीक बोलणाऱ्या दर्यावर्दी व्यापाऱ्याची ती वही आहे, पेरिप्लस म्हणतात. त्यात पैठण आहे. तिथून भडोचच्या बंदराला गाड्या जातात, वाट वीस दिवसांची आणि धड रस्ता नाही. पैठणहून काय जातं? गोमेदासारखे दगड. आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आपलं तेर, तिथून काय जातं? पुष्कळ साधं जाडं कापड, आणि मलमल. पैठणचं रेशीम ह्या वहीत नाही. रेशीम आहे ते चीनचं, भडोचला येऊन पुढं जाणारं.

मला हे वाचून वाईट वाटायला हवं होतं, पण आनंद झाला. रोमच्या जहाजात दख्खनचं जे कापड चढलं त्याच्या यादीत जाडंभरडं कापड पहिलं आहे! माझ्या पणज्याचं कापड. ते विणणाऱ्याची जात काय होती ते वहीत नाही, आणि मी पणज्याला ओढूनताणून सातवाहनांच्या काळात नेणार नाही. पण मानाचं कापड तेवढंच इतिहासात जातं आणि जाडं कापड घरी फाटून संपतं, हा समज त्या ओळीनं खोटा पाडला. पुढं मध्ययुगातही तेच. गुजरातेत छापलेली साधी सुती कापडं मिसरमधल्या फुस्तातच्या उकिरड्यांत सापडली. उकिरड्यात म्हणजे लोकांनी ती अंगावर झिजवली होती.

विणकरांची पत एके काळी वेगळी होती, त्याचा लेख आपल्याच महाराष्ट्रात आहे. नाशिकच्या लेण्यात, दहाव्या क्रमांकाच्या, नहपानाचा जावई उषवदात ह्यानं दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला कोरून ठेवलंय की भिक्खूंच्या खर्चासाठी ३००० कार्षापण कायमची ठेव दिली. ठेवली कुठं? सावकाराकडं नाही, देवळात नाही. गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडं, कोलिक निकायांकडं. २००० एका श्रेणीत, महिना शेकडा एक व्याजानं. १००० दुसरीत, पाऊण टक्क्यानं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. हिशोब करून बघा, वर्षाचे २४० बरोबर जुळतात. माग चालवणारी माणसं बँक होती. विहार त्यांच्यावर विश्वास ठेवून होता.

रेशमाबद्दल मात्र विनयात एक गोष्ट आहे ती आवर्जून सांगतो. भिक्खूच्या चीवराला सहा तऱ्हेचं कापड चालतं, त्यात रेशीम आहे. पण आळवी गावचे काही भिक्खू रेशीम कारागिरांकडं गेले आणि आमच्या आसनासाठी कोष उकळा, आम्हालाही द्या म्हणाले. कारागीर चिडले. आम्ही पोटासाठी, बायकापोरांसाठी इतके जीव मारतो हेच आमचं दुर्दैव, हे लोक कशाला मागायला येतात, असं त्यांचं म्हणणं. बुद्धाच्या कानावर गेलं आणि रेशमाचं आसन करवून घेण्यावर बंदी आली. सगळ्या रेशमाच्या इतिहासात कोष उकळणाऱ्या माणसाचं गाऱ्हाणं ऐकून नियम केला, असं मला एवढंच ठिकाण सापडलं.

मग मंदसोरचा लेख. आज मध्य प्रदेशात आहे. लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, रेशीम विणणाऱ्यांची एक श्रेणी दशपूरला उठून आली. पट्टवाय हा त्यांच्यासाठी शब्द. त्यांनी इ.स. ४३७ च्या सुमाराला सूर्याचं देऊळ बांधलं, आणि ४७३ च्या सुमाराला दुरुस्त केलं. वत्सभट्टी नावाच्या कवीकडून संस्कृत लेख करवून घेतला. माझं संस्कृत कच्चं, अर्थ वाचला. त्यात आपल्या मालाची जाहिरातसुद्धा आहे: बाई तरुण असो, सुंदर असो, दागिने घातलेली असो, रेशमी जोडी नेसल्याशिवाय तिचं चालत नाही, अशा आशयाची. पुढं लिहिलंय की श्रेणीतले काही धनुर्विद्येत गेले, काही ज्योतिष करू लागले, काही कथा सांगतात, काही लढाईत शूर, आणि काही आपलं विणकामच करतात. म्हणजे त्या वेळी विणकराचा पोरगा विणकरच झाला पाहिजे असं घट्ट नव्हतं. मी हा भाग तीनदा वाचला.

पण त्या लेखात राजाचं नाव आहे, मांडलिकाचं आहे, कवीचं आहे. विणकर एकाचंही नाव नाही. पैसा त्यांचा, देऊळ त्यांचं.

त्याच काळात आमच्या बुलडाण्याच्या शेजारी अजिंठ्याला रंगकाम चाललं होतं. अजिंठ्याचा डोंगर तर आमच्या जिल्ह्यातूनच पुढं जातो. पूर्वेला वाशीम, वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. मधे आम्ही. हरिषेणाचा मंत्री वराहदेव, त्यानं सोळावं लेणं दिलं आणि नाव कोरलं. त्या चित्रांत कापडाचा बाजार मांडलाय. पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रं, बाणाच्या टोकासारखी फिसकटलेली नक्षी, म्हणजे आधी धागा बांधून रंगवलेला, मग विणलेला, आणि हंसांच्या ओळी. रेशमी की सुती ते रंगावरून कुणी सांगू नये. मला वेगळीच गोष्ट दिसली. राजाराणीच्या अंगावरचं वस्त्र बऱ्याच ठिकाणी इतकं तलम की दिसतच नाही. नक्षीची चोळी आणि पट्ट्यांचं कापड दासीच्या, चवरीवालीच्या अंगावर आहे. दासीला नक्षी मना होती असं निदान तिथल्या भिंतीवर तरी दिसत नाही. पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी पोशाखातले लोकही आहेत, टोप्या घातलेले, पायात मोजे, हातात पेला.

ते लोक ज्या दिशेचे, तिकडं त्याच शतकांत नक्षीच्या रेशमाला भयंकर किंमत आली होती. इराणच्या सासानी राजांचं एक शिल्प ताक-ए-बुस्तानला आहे. राजाच्या अंगरख्यावरची नक्षीसुद्धा दगडात खोदलीय, पाखरं आणि पंख असलेला एक काल्पनिक प्राणी. मोत्यांच्या माळेसारखं वर्तुळ आणि त्यात समोरासमोर दोन प्राणी, ही चाल मध्य आशियापासून एकीकडं मिसरपर्यंत आणि दुसरीकडं जपानपर्यंत गेली. ह्या कापडांत उभ्या धाग्यांचे दोन थर. एक थर पूर्ण आत दडतो, कधीच दिसत नाही. कुठला रंग वर यायचा, कुठला मागं राहायचा हे तो ठरवतो. दुसरा थर वरून आडवा धागा दाबून धरतो. रंग सगळा आडव्याचा.

कोण नेसणार ह्याचे कायदेही तिकडं झाले. कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाचा जांभळा रंग दुसऱ्यानं घालायचा नाही. ९६८ साली लिउतप्रांद नावाचा एक बिशप वकिलीला गेला होता, परत निघताना त्याच्या सामानातली जांभळी रेशमी वस्त्रं अधिकाऱ्यांनी काढून घेतली. हे तुमच्या योग्यतेचं नाही म्हणाले. त्याच शतकाच्या सुरुवातीचं तिथलं व्यापाराचं नियमाचं पुस्तक आहे. रेशीमवाल्यानं आपला गुलाम किंवा कारागीर परक्याला विकला तर त्याचा हात तोडायचा, असं त्यात कलम आहे. कापडापेक्षा कापड जाणणारा हात जास्त मोलाचा, म्हणून. ११४७ मध्ये सिसिलीच्या रॉजर राजाच्या आरमारानं ग्रीसमधलं थीब्ज आणि कोरिंथ लुटलं तेव्हा सोन्याबरोबर रेशीम विणणारी माणसंही उचलून पालेर्मोला नेली. त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत.

नावं सापडली ती एका कैद्याच्या आठवणीत. ७५१ साली तलास नदीवर चिनी फौज अरबांकडून हरली. दू ह्वान नावाचा चिनी माणूस पकडला गेला, दहा-अकरा वर्षांनी घरी परतला आणि काय पाहिलं ते त्यानं लिहिलं. इराकात कूफ्याला त्याला चिनी कारागीर भेटले. त्यांतले दोन विणकर, होदोंग भागातले. युए ह्वान आणि ल्यू ली. बस. एवढंच. हजार वर्षांच्या नक्षीदार रेशमात माझ्या हाताला लागलेली दोन नावं. मी ती वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलीत.

कापडावर नाव असायचं, पण ते मालकाचं. खलिफांच्या कारखान्यात कापडाच्या काठावर खलिफाचं नाव विणत, आणि ते कापड दरबारात मान म्हणून देत. खुरासानचा सरदार अबू मन्सूर बुख्तकीन, दहाव्या शतकातला. त्याच्यासाठी विणलेल्या रेशमाचे तुकडे आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. हत्ती समोरासमोर, कडेनं उंटांची रांग, आणि त्याचं भलं चिंतणारी ओळ. हे कापड टिकलं कसं? फ्रान्समधल्या एका मठात संताची हाडं त्यात गुंडाळली होती. युरोपातली कित्येक जुनी रेशमं अशीच टिकली, मढ्याच्या अंगावर. तिथं त्याला पवित्र अवशेष म्हणतात, पेटीत ठेवतात, लोक दर्शनाला जातात.

आमच्या घरचा तुकडाही मढ्यावरचाच.

मानाची वस्त्रं द्यायची ती चाल दख्खनेत आली. आमच्या जिल्ह्यात सिंदखेडराजा, लखुजी जाधवांचं गाव, जिजाऊंचं माहेर. निजामशाही काय, मुघल काय, मनसब दिली की खिलत द्यायची. वस्त्र अंगावर घेतलं की चाकरी कबूल. दरबाराची ही रीत गावापर्यंत झिरपली. पाटलाला शेलापागोटं. येसकराला काय? घोंगडी आणि काठी. तोही पोशाखच! लांबून ओळखू यावा असा. आणि वर्षाकाठी एखादं मढ्यावरचं.

मी कधीकधी विचार करायचो की नक्षीला बंदी हा आमच्या आजीच्या बोलण्यातला फुगवटा असेल. ती सांगायची, लुगड्याचा काठ रुंद असला तर वाड्यावरून जाताना आत दुमडून घ्यायचा. मग बाबासाहेबांचं जातिनिर्मूलनावरचं १९३६ चं पुस्तक वाचलं. त्यात इंदूर भागातल्या बलाई लोकांची हकीकत आहे, १९२८ च्या जानेवारीत वर्तमानपत्रात आलेली. पंधरावीस गावांच्या सवर्णांनी बलायांना नियम घालून दिले. जरीकाठी पागोटं घालायचं नाही. रंगीत किंवा नक्षीच्या काठाचं धोतर नेसायचं नाही. बायकांनी सोनंचांदी घालायची नाही. मान्य नसेल तर गाव सोडा. आणि हे बलाई कोण? विणकर! पिढ्यान्‌पिढ्या माग चालवणारी जात. काठ विणायचा त्यानं, आणि त्यानंच नेसायचा नाही.

ह्याच्या आठवडाभर आधी, १९२७ च्या डिसेंबरात, बाबासाहेब महाडला बायकांना सांगत होते की लुगडं वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं नेसा, जातीची खूण दाखवणारे दागिने टाका. लोकांना वाटतं ते स्वच्छतेचं भाषण होतं. मला ते पट्टवायांच्या लेखाइतकंच कापडाच्या इतिहासातलं कलम वाटतं.

पणज्याचा माग बंद का पडला ते खामगावला कळतं. वऱ्हाडातली कापसाची ती मोठी पेठ. १८७० मध्ये तिथपर्यंत रेल्वे आली, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. गाडी कापूस घेऊन जाई आणि मँचेस्टरचं कापड घेऊन येई. कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नॅक ह्यानं अहवालात उघड आशा केली की स्वस्त विलायती कापड आलं की इथले विणकर माग सोडून शेतावर कापसाला मजूर म्हणून मोकळे होतील. झाले मोकळे. आजीचा बाप कपाशी वेचायला गेला, माग खड्ड्यात कुजला.

आमचे काही लोक मुंबईच्या गिरणीत गेले. विणकाम अंगात होतं, पण साच्यावर जागा नाही. विणखात्यात धोट्यातली कांडी बदलली की नव्या कांडीचा धागा तोंडानं ओढून बाहेर काढायचा असे. सवर्ण कामगार म्हणे, अस्पृश्याच्या उष्ट्या धोट्याला आम्ही तोंड लावणार नाही. पगार तिथंच जास्त, म्हणून आमचे लोक कमी पगाराच्या खात्यात. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हे पुढाऱ्यांना विचारलं आणि ही मागणी त्यांना घ्यायला लावली.

मागच्या वर्षी मी तुकडा घेऊन येवल्याला गेलो. आज पैठणी जास्त तिथंच होते. एका घरात शिरलो, म्हातारा मागावर होता, शेजारी सून. दोघं एका पदरावर, एक डावीकडून भरतंय, एक उजवीकडून. मी तुकडा पुढं ठेवला. कुठला विचारलं. आजीचा, म्हणालो. लग्नातला का, म्हणाला. मी म्हटलं, नाही, मसणातला. आम्ही महार. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग चष्मा कपाळावर घेतला आणि तुकडा खिडकीशी उजेडाला धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. सुनेला हाक मारली.

"हे बघ. हे दोन पोपट घट्ट आहेत. आणि वेलीच्या पलीकडचा हा सैल ठोकलाय. इथं चोच एक धागा पुढं गेलीय." त्यानं नखानं दाखवलं. "दोघं बसले होते. हा नवीन होता, पोरगं असंल बारा-तेराचं. मोजायला चुकलं."

मी विचारलं, चूक आहे तर मालकानं घेतलं कसं?

"मालकाला कुठं दिसतंय," तो म्हणाला, आणि तुकडा पुन्हा घडी घालून माझ्या हातात दिला. सुनेनं चहा आणला. कपबशीत, घरातल्यांच्याच. म्हातारा परत खड्ड्यात उतरला, तिल्ली उचलली आणि मोजायला लागला.